एकाक्ष कोंकरूं आणि कांटेरी अळी

अमेरिकेंतील आयडाहो संस्थानाच्या डोंगराळ मुलुखांत मेंढ्या पाळण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. उन्हाळा आला कीं कळप सपाटीवरून निघतात आणि उंच पर्वतांवरील ओलसर कुरणांत चढतात. थंडी पडूं लागली म्हणजे खालीं उतरतात. आणि पुढें मेंढ्या विण्याचा हंगाम येतो. कुणब्याला जशी सुगी, तसा त्या मेंढपाळांना हा हंगाम. वर्षाची बहुतेक मिळकत त्या थोड्या आठवड्यांत जन्मणाऱ्या कोंकरांवर अवलंबून असते. १९५० नंतरच्या दशकांत या सुगीला एक विलक्षण कीड लागली. कित्येक कळपांत अशीं कोंकरें जन्मूं लागलीं कीं, त्यांच्या कपाळाच्या मध्यभागीं एकच डोळा असे. नाक नसे, किंवा असलेंच तर त्या डोळ्याच्या वर सोंडेसारखा एक मांसल अंकुर लोंबत असे. अशीं कोंकरें जन्मतांच मरत. ज्यांचें व्यंग सौम्य असे त्यांचा वरचा जबडा आंखूड राही आणि तोंड चपटें दिसे. त्यांना मेंढपाळ ‘माकडतोंडीं’ म्हणत. कांहीं कळपांत हें प्रमाण शेंकडा पंचवीसपर्यंत गेलें.

याहूनहि एक चमत्कारिक गोष्ट घडे. मेंढीचा गर्भकाल सुमारें पांच महिन्यांचा. पण कित्येक मेंढ्या वेळ उलटून गेली, आणखी कांहीं आठवडे लोटले, तरी वीतच नसत. पोटांतील कोंकरूं वाढतच राही, आणि कित्येकदां त्यापायीं मेंढीहि जाई. होमरच्या महाकाव्यांतील एकाक्ष राक्षस पॉलिफेमस हाहि मेंढपाळच होता, हा योगायोग मोठा गमतीचा खरा. परंतु आयडाहोच्या मेंढपाळांना त्यांत गंमत वाटण्याचें कारण नव्हतें.

त्यांनीं ही गोष्ट पुष्कळ काळ झांकून ठेवली. व्यंग दिसलें कीं रक्तांत दोष आहे असें मानण्याची मनुष्याची खोड जुनी आहे, आणि ती माणसांपुरतीच नाहीं. आपल्या कळपांत एकाक्ष कोंकरें निपजतात ही वार्ता बाजारांत गेली तर आपले मेंढे पैदाशीसाठीं कोण विकत घेईल, ही त्यांची धास्ती होती. जिच्या पोटीं असें पिल्लूं आलें ती मेंढी दोषी, आणि जो त्याचा बाप तो मेंढा दोषी, एवढा निवाडा करून ते मोकळे होत. हा निवाडा चुकीचा होता. पण तो चुकीचा कसा ठरला, आणि त्यांतून आपणां सर्वांच्या शरीराच्या घडणीचें एक रहस्य कसें बाहेर आलें, ही कथा जवळजवळ साठ वर्षांची आहे.

शेवटीं नुकसान झांकण्यापलीकडे गेलें तेव्हां प्रकरण सरकारी शेतकी खात्याकडे गेलें. शेजारच्या युटा संस्थानांत लोगन या गांवीं विषारी वनस्पतींचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा होती. तेथील वेन बिन्स आणि त्याचे सहकारी यांनीं हें काम हातीं घेतलें. प्रथम त्यांनींहि रक्ताचाच संशय घेतला. सदोष कुळांतील मेंढे आणि मेंढ्या यांची आपसांत पैदास करून पाहिली. संशय खरा असता तर व्यंग वाढावयास पाहिजे होतें. प्रत्यक्षांत सारीं कोंकरें धडधाकट निपजलीं. तेव्हां दोष मेंढीच्या अंगांत नसून तिच्या चाऱ्यांत असावा असा तर्क बांधावा लागला. लिन जेम्स नांवाचा तरुण संशोधक उन्हाळ्यांत कळपांबरोबर डोंगरांत जाऊन राहिला आणि मेंढ्या कोठें चरतात, काय खातात, याची टिपणें करीत राहिला. ओल्या कुरणांत मक्यासारख्या रुंद पानांची, पुरुषभर उंच वाढणारी एक वनस्पति होती. तिला तिकडे कॉर्न लिली म्हणतात. शास्त्रीय नांव व्हेराट्रम कॅलिफोर्निकम. संशयाची सुई अखेर तिच्यावर स्थिरावली.

मग प्रयोग सुरू झाले. गाभण मेंढ्यांना ती पानें निरनिराळ्या दिवशीं खाऊं घातलीं, आणि जें उत्तर मिळालें तें इतकें नेमकें होतें कीं प्रथम त्यावर विश्वास बसूं नये. गर्भधारणेच्या चौदाव्या दिवशीं मेंढीनें ती वनस्पति खाल्ली तर कोंकरूं एकाक्ष होई. त्यानंतर बऱ्याच दिवसांनीं, महिन्याच्या सुमारास, खाल्ली तर डोळे दोन आणि शाबूत, पण पायांचीं हाडें आंखूड किंवा श्वासनलिका दबलेली. म्हणजे विष एकच. परंतु भ्रूणाच्या घडणींत त्या दिवशीं जें काम चालू असेल तें काम तें बिघडवी. चौदाव्या दिवशीं मेंढीच्या भ्रूणाला डोळा, नाक, पाय यांपैकीं कांहींच नसतें. मेंढीच्या स्वतःच्या अंगावर कसलेंहि चिन्ह उमटत नाहीं. कारण एका दिवसाचें, आणि कार्य दिसावयाचें साडेचार महिन्यांनीं! त्या बिचाऱ्या मेंढपाळांना या दोहोंचा संबंध लागला नाहीं यांत नवल नाहीं.

उपाय मात्र कारणाइतकाच साधा निघाला. मेंढा कळपांत सोडल्यापासून पहिला महिनाभर मेंढ्यांना त्या कुरणांत जाऊं द्यावयाचें नाहीं, एवढेंच. पुढें रिचर्ड कीलर या रसायनज्ञानें १९६० नंतरच्या दशकांत त्या वनस्पतींतून अपायकारक द्रव्य वेगळें काढलें आणि एकाक्ष सायक्लॉप्सच्या नांवावरून त्याला ‘सायक्लोपामीन’ असें नांव दिलें. द्रव्य हातीं आलें, त्याची रासायनिक रचना कळली, रोगाचा बंदोबस्तहि झाला. तें द्रव्य गर्भांत जाऊन नक्की काय करतें हा प्रश्न उरला. पण तो सोडविण्याचें साधन त्या काळीं कोणापाशींच नव्हतें. एकाक्ष कोंकरांचीं छायाचित्रें पशुवैद्यकाच्या ग्रंथांत जाऊन बसलीं, आणि सायक्लोपामीन सुमारें तीस वर्षें कुपींत पडून राहिलें.

ज्या किल्लीनें ही कुपी पुढें उघडली ती किल्ली घडली जर्मनींत, आणि ज्यांनीं ती घडविली त्यांना मेंढ्यांशीं कांहींहि कर्तव्य नव्हतें. १९७८ सालीं हायडेलबर्ग येथील युरोपीय जीवशास्त्र प्रयोगशाळेंत क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड ही जर्मन विदुषी आणि एरिक वीशाउस हा अमेरिकन शास्त्रज्ञ असे दोघे एका लहानशा खोलींत कामास लागले. त्यांचा विषय होता फळमाशी. म्हणजे आपल्या घरांत पिकल्या केळ्यांवर जें चिलट घोंघावतें त्याच जातीचें. ही माशी आनुवंशिकतेच्या अभ्यासकांना नवी नव्हती. टॉमस हंट मॉर्गन यानें १९१० पासून न्यूयॉर्क येथें हिच्याच साहाय्यानें जनुकें गुणसूत्रांवर असतात हें सिद्ध केलें होतें. परंतु मॉर्गनच्या परंपरेंत बहुधा पूर्ण वाढलेल्या माशीच्या डोळ्यांचा रंग, पंखांची ठेवण, असें पाहत. या दोघांनीं पाहिली ती अळी, आणि तीहि अंड्यांतून बाहेर न पडतांच मेलेली.

त्यांचा प्रश्न असा होता. अंडें ही एकच पेशी. तिच्यांतून एका दिवसांत अळी तयार होते. तिला डोकें असतें, शेपूट असतें, आणि मध्यें ओळीनें खंड असतात. हा आराखडा आंखणारीं जनुकें किती आणि कोणतीं? उत्तर काढण्याची रीत त्यांनीं अशी योजिली कीं, नरमाशांना साखरेच्या पाण्यांतून एक तीव्र रसायन पाजावयाचें. त्यामुळें त्यांच्या जनुकांत वाटेल तेथें मोडतोड होते. मग त्यांच्या संततीचे हजारों वेगवेगळे वंश वाढवावयाचे, आणि प्रत्येक वंशांतील मेलेल्या अळ्या तपासून कोणत्या जनुकावांचून आराखड्यांतील काय नाहींसें झालें हें पाहावयाचें. घर कसें बांधलें आहे हें कळावें म्हणून एकेक वीट काढून काय कोसळतें तें पाहण्यासारखेंच हें झालें. दोघांना एकाच वेळीं पाहतां येईल असा दुहेरी सूक्ष्मदर्शक त्यांनीं मेजावर ठेवला होता, आणि समोरासमोर बसून, वाद घालीत, त्यांनीं हजारों अळ्या नजरेखालून घातल्या. कंटाळवाण्या कामालाहि कांहीं वेळां प्रतिभा म्हणावें लागतें तें अशासाठीं.

निरोगी अळीच्या पोटावर प्रत्येक खंडाच्या पुढच्या भागांत बारीक कांट्यांचा पट्टा असतो आणि मागचा भाग गुळगुळीत असतो. एका वंशांतील अळ्या आंखूड होत्या, त्यांचे गुळगुळीत भाग नाहींसे झाले होते, आणि सर्वांगावर कांटेच कांटे उठले होते. युरोपांत हेजहॉग नांवाचा एक लहान प्राणी आहे. पाठीवरचे कांटे पाहून आपल्याला साळिंदराची आठवण व्हावी. पण तो साळिंदराचा नातलग नव्हे. तो किडे खाऊन राहतो, आणि भय वाटलें कीं अंगाचा चेंडू करतो. त्या अळ्या पाहून या प्राण्याची आठवण झाली, म्हणून त्या जनुकाला ‘हेजहॉग’ हें नांव पडलें. फळमाशीच्या अभ्यासकांची नामकरणाची रीत अशीच खेळकर आहे: जनुक मोडल्यावर जें दिसेल त्यावरून नांव. १९८० च्या ऑक्टोबरांत ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकांत या दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत पंधरा जनुकांची यादी होती. हेजहॉग त्यांतलें एक. आणि पुढें ‘पॅच्ड’ म्हणून प्रसिद्धीस आलेलें दुसरें एक जनुकहि त्याच यादींत होतें. याच कार्यासाठीं १९९५ सालीं या दोघांना एडवर्ड लुईस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

हेजहॉग हें जनुक करतें तरी काय? तें एक प्रथिन घडवितें, आणि तें प्रथिन एका पेशींतून बाहेर पडून शेजारच्या पेशींपर्यंत निरोप नेतें. पेशवाईंतील एखाद्या वाड्याची कल्पना केली म्हणजे हें समजण्यास सोपें जाईल. वाड्याच्या देवडीवर एक पहारेकरी बसला आहे. त्याचें नांव पॅच्ड. आंत एक कारभारी आहे. त्याचें नांव स्मूदन्ड. पहारेकऱ्याचें काम बाहेरच्यांना अडविण्याचें नसून आंतील कारभाऱ्याला दाबून ठेवण्याचें आहे. जोंपर्यंत तो सावध आहे तोंपर्यंत कारभारी कांहीं करूं शकत नाहीं. बाहेरून हेजहॉग नांवाचा जासूद येऊन पहारेकऱ्याला गुंतवून ठेवतो. कारभारी मोकळा होतो. आणि मग तो ग्लाय नांवाच्या कारकुनाकरवीं थेट दफ्तरखान्यांत, म्हणजे पेशीच्या केंद्रांत, हुकूम पाठवितो. त्या हुकुमाप्रमाणें तेथलीं दुसरीं जनुकें जागीं होतात. या ग्लायची ओळखहि मोठ्या आडवळणानें झाली होती. १९८७ सालीं तें जनुक प्रथम सांपडलें तें मेंदूंतील ग्लायोमा नांवाच्या अर्बुदांत. माशीच्या अळीशीं त्याचें नातें आहे याचा त्या वेळीं कोणाला संशयहि नव्हता.

१९९२ सालीं माशींतील हेजहॉग जनुक अनेक प्रयोगशाळांनीं वेगळें काढलें, आणि लगेच प्रश्न उभा राहिला कीं पाठीचा कणा असणाऱ्या प्राण्यांत असें कांहीं आहे काय. येथें दुसरी एक जुनी गोष्ट उपयोगीं पडली. १९६८ सालीं जॉन साँडर्स आणि मेरी गॅसेलिंग यांनीं कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणावर एक प्रयोग केला होता. पंखाचा अंकुर फुटत असतां त्याच्या मागच्या कडेचा एक लहानसा तुकडा कापून त्यांनीं दुसऱ्या अंकुराच्या पुढच्या कडेला लावला. कोंबडीच्या पंखांत तीन बोटें असतात. या पंखांत सहा आलीं, आणि तीं आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें समोरासमोर. त्या तुकड्यांतून कांहीं द्रव्य पाझरत असलें पाहिजे, जेथें तें दाट तेथें करंगळीसारखें बोट आणि जेथें विरळ तेथें दुसरें, असा तर्क होता. परंतु तें द्रव्य पंचवीस वर्षें कोणाच्याहि हातीं लागलें नाहीं. १९९३ सालीं हार्वर्ड येथील क्लिफर्ड टॅबिन आणि त्याचे सहकारी यांनीं कोंबडींतील हेजहॉग जनुक शोधलें, तेव्हां तें नेमकें त्याच मागच्या कडेला जागें असल्याचें दिसलें. तें घडविणाऱ्या पेशी पुढच्या कडेला ठेवतांच तशींच दुहेरी बोटें उगवलीं. त्याच वेळीं उंदरांत आणि माशांतहि (येथें मासे म्हणजे पाण्यांतले, माशी नव्हे) तेंच जनुक इतर संशोधकांना सांपडलें.

मनुष्याच्या हाताची घडण याच रीतीनें होते. आंगठ्याच्या कडेला हेजहॉग पोंचत नाहीं. करंगळीच्या कडेला तें सर्वांत अधिक असतें. हें जनुक कोठें जागें व्हावें हें ठरविणारी एक कळ त्याच्यापासून सुमारें दहा लाख अक्षरांच्या अंतरावर आहे. तिच्यांत एखादें अक्षर चुकलें तर हेजहॉग आंगठ्याच्या बाजूलाहि थोडें जागें होतें, आणि मूल सहा बोटें घेऊन जन्मास येतें. २००३ सालीं हें माणसांत सिद्ध झालें. फ्लॉरिडांतील की वेस्ट येथें कादंबरीकार हेमिंग्वे याच्या घरीं सहा बोटांचीं मांजरें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांचेंहि गूढ हेंच असल्याचें पुढें आढळलें. आपल्याकडे सहावें बोट कोणी शुभ मानतो, कोणी अशुभ. तें वस्तुतः एका अक्षराचा हस्तदोष आहे.

कणा असणाऱ्या प्राण्यांत हेजहॉग एक नसून तीन भावंडें आहेत, आणि त्यांच्या नांवांची हकीकत थोडी सांगण्यासारखी आहे. दोघांना खऱ्या प्राण्यांचीं नांवें मिळालीं: एक ‘डेझर्ट’, म्हणजे वाळवंटी हेजहॉग, दुसरा ‘इंडियन’, म्हणजे भारतीय हेजहॉग. हा भारतीय प्राणी गुजराथ, राजस्थान, सिंध अशा कोरड्या मुलुखांत राहतो. तिसऱ्याला, जो सर्वांत महत्त्वाचा, ‘सॉनिक’ हें नांव पडलें. तें १९९१ सालीं निघालेल्या एका चलच्चित्र-खेळांतील निळ्या हेजहॉगचें! प्रयोगशाळेंत हा विनोद खपून जातो. परंतु ज्या आईबापांचें मूल दुर्धर व्यंग घेऊन जन्मास आलें त्यांना डॉक्टरानें तुमच्या बाळाचें अमुक खेळांतलें जनुक बिघडलें आहे असें सांगावें, ही कल्पना कोणाहि सहृदय माणसास बोंचेल. २००६ सालीं मानवी जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या मंडळींत अशा नांवांविषयीं विचारविनिमय झाला. तरी नांव रूढ होतें तें राहिलें.

‘भारतीय’ भावंडाकडे हाडांच्या वाढीचें काम आहे, आणि त्याच्याशीं विज्ञानाच्या इतिहासांतील एक मोठी नोंद जुळलेली आहे. १९०३ सालीं विल्यम फॅराबी यानें हार्वर्ड विद्यापीठांतील आपल्या प्रबंधांत पेन्सिल्व्हानियांतील एका घराण्याची वंशावळ दिली. त्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या कांहीं जणांचीं बोटें फार आंखूड असत. मेंडेलचे नियम माणसालाहि लागू पडतात याच्या अगदीं पहिल्या पुराव्यांपैकीं हा एक होता. त्या व्यंगाचें जनुक सांपडण्यास मात्र २००१ साल उजाडावें लागलें. आणि तें इंडियन हेजहॉग निघालें.

आतां पुन्हां त्या एकाक्ष कोंकरांकडे वळावयास हरकत नाहीं. १९९६ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत फिलिप बीची आणि त्याचे सहकारी यांनीं सॉनिक हेजहॉग मुळींच नसलेले उंदीर घडविले. ते जगूं शकले नाहींत. त्यांच्या चेहऱ्याच्या मध्यभागीं एकच डोळा होता आणि त्याच्यावर सोंडेसारखा अंकुर. पशुवैद्यकाच्या ग्रंथांत ज्या कोंकरांचीं चित्रें तीस वर्षें पडून होतीं त्यांचें आणि या उंदरांचें साम्य नजरेआड होण्यासारखें नव्हतें. १९९८ सालीं बीचीच्या गटानें आणि दुसऱ्याहि एका गटानें तीं दोन चित्रें एकमेकांशेजारीं मांडलीं: सायक्लोपामीन हें हेजहॉगचा निरोपच अडवितें. तें नक्की कोठें अडवितें हें २००२ सालीं कळलें. तें आंतल्या कारभाऱ्याला, स्मूदन्डला, जखडतें. जासूद आला, पहारेकरी बाजूला झाला, तरी कारभारी हात बांधलेला!

एका डोळ्याचें कारणहि यांतच आहे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं एकाक्ष प्राण्याचा एक डोळा नाहींसा झालेला असतो. खरा प्रकार उलट आहे. भ्रूणांत प्रारंभीं दोन्ही डोळ्यांचें क्षेत्र एकच सलग असतें. त्याच्या खालच्या बाजूनें हेजहॉगचा निरोप येतो आणि त्या क्षेत्राचा मधला पट्टा डोळा होण्याचें सोडून देतो. म्हणून उजवा आणि डावा असे दोन डोळे उरतात. पुढचा मेंदूहि असाच दोन अर्धांत विभागला जातो. निरोप आला नाहीं तर क्षेत्र सलगच राहतें. दोन डोळे ही सृष्टीची मूळची देणगी नसून योग्य दिवशीं पडलेली वांटणी आहे, असें म्हटलें तरी चालेल. मेंदूच्या तळाशीं असणारी पोष-ग्रंथिहि याच मध्यरेषेवर घडते. मेंढ्यांत प्रसूति सुरू होण्याचा पहिला इशारा कोंकराच्या या ग्रंथीकडून सुटतो. ती नसली कीं इशाराच सुटत नाहीं. आयडाहोच्या मेंढ्या वेळ उलटली तरी कां वीत नसत याचा उलगडा त्यांतच आहे.

हें व्यंग कोंकरांपुरतें असतें तर कथा येथें संपली असती. परंतु त्याच १९९६ सालीं असें सिद्ध झालें कीं, कांहीं मानवी कुटुंबांत पुढचा मेंदू दोन भागांत न विभागण्याचें जें व्यंग आढळतें त्याचें एक कारण सॉनिक हेजहॉगमधील दोष हेंच आहे. अगदीं आरंभींच्या मानवी गर्भांत हें व्यंग सुमारें अडीचशेंत एकाला असतें. बहुतेक गर्भ पडून जातात, आणि जन्मास येणाऱ्यांत तें सुमारें दहा हजारांत एक इतकें विरळ दिसतें. एकाच घरांत एकच दोष घेऊन एक मूल जगूं न शकणारें, तर त्याचा बाप किंवा आई अगदीं निरोगी, फार तर वरच्या जबड्यांत मध्यभागीं दोहोंऐवजीं एकच दांत, असेंहि घडतें. अशा घरांतील आईला गर्भारपणीं काय खाल्लेंस, कोठें गेलीस, म्हणून दोष देणारे नातलग सर्व देशांत आहेत. मेंढपाळांनीं चाऱ्याचा दोष रक्तावर लोटला होता. येथें लोक रक्ताच्या अपघाताचा दोष आईच्या वागण्यावर लोटतात.

हेजहॉगचा निरोप अडला तर व्यंग; मग तो अनावर झाला तर काय? पहारेकरीच मेला आणि कारभारी अहोरात्र हुकूम सोडूं लागला तर पेशी वाढीचा हुकूम पाळीतच राहतात. याचें नांव कर्करोग. १९६० सालीं रॉबर्ट गॉर्लिन आणि रॉबर्ट गोल्ट्झ यांनीं अशा रोग्यांचें वर्णन केलें होतें कीं ज्यांच्या त्वचेवर तरुणपणींच तळपेशींचे अनेक कर्करोग उठतात, जबड्यांत पोकळ गळवें होतात आणि फासळ्यांची ठेवण बिघडलेली असते. हें सारें एकाच विकारांत कां एकत्र यावें हें छत्तीस वर्षें न सुटलेलें कोडें होतें. १९९६ सालीं दोन निरनिराळ्या गटांनीं दाखविलें कीं या रोग्यांत बिघडलेलें जनुक म्हणजे पॅच्ड. हायडेलबर्गच्या त्या पंधरांच्या यादींतील पहारेकरी. त्वचेच्या तळपेशींचा कर्करोग हा गोऱ्या लोकांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आहे. आणि त्यांतील बहुतेकांत हाच निरोपमार्ग बेफाम झालेला असतो. मुलांच्या लहान मेंदूंत उद्भवणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या अर्बुदाच्या कांहीं प्रकारांतहि तेंच.

तेव्हां ज्या द्रव्यानें कोंकरें एकाक्ष केलीं तेंच, किंवा त्याच्यासारखें दुसरें एखादें, कर्करोगावर औषध होऊं शकेल हा विचार ओघानेंच आला. सायक्लोपामीन स्वतः औषध म्हणून फारसें सोईचें नव्हतें. परंतु त्याच कारभाऱ्याला जखडणारें व्हिस्मोडेगिब नांवाचें नवें द्रव्य रसायनज्ञांनीं हुडकून काढलें. २००९ सालीं त्याचा एक वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सव्वीस वर्षांच्या एका रोग्याच्या सर्वांगांत मेड्युलोब्लास्टोमा पसरला होता. औषध सुरू केल्यावर थोड्याच आठवड्यांत गांठी विरघळल्या. डॉक्टरांना हर्ष झाला असेल. पण तो टिकला नाहीं. कांहीं आठवड्यांतच गांठी परत आल्या. तपासणींत असें दिसलें कीं कर्करोगाच्या पेशींतील स्मूदन्डमध्यें एकाच अमिनो आम्लाचा फेरबदल झाला होता, आणि तेवढ्यानें औषधाची पकड सुटली होती.

त्वचेच्या कर्करोगांत मात्र यश अधिक आलें. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रोग्यांसाठीं अमेरिकन सरकारनें ३० जानेवारी २०१२ रोजीं व्हिस्मोडेगिबला परवानगी दिली. त्याच महिन्यांत, प्रत्यक्ष सायक्लोपामीनपासून बनविलेल्या एका औषधाचे स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील प्रयोग थांबवावे लागले. कारण औषध घेणाऱ्यांपेक्षां तें न घेणारेच अधिक दिवस जगत होते. त्या रोगांत निरोप अडविणें हें हिताचें नव्हे असा त्याचा अर्थ झाला. एका कुलपाची किल्ली सांपडली कीं ती सगळ्या दारांना लागेल अशी जी भाबडी आशा वैद्यकाच्या बाजारांत वारंवार उठते, तिला हा चांगला उतारा होता.

जेथें औषध लागू पडतें तेथेंहि त्याची किंमत द्यावी लागते. हेजहॉगचा निरोप मनुष्याचा जन्म झाल्यावर सर्वस्वी थांबत नाहीं. केंसांच्या मुळाशीं आणि जिभेवरील रुचिकलिकांत तो आयुष्यभर चालू असतो. म्हणून हें औषध घेणाऱ्यांचे केंस गळतात आणि तोंडाची चव जाते; स्नायूंत पेटकेहि येतात. कित्येक रोगी कर्करोगाला न कंटाळतां या त्रासाला कंटाळून औषध सोडतात, आणि ज्याला महिनोन्‌महिने अन्न मातीसारखें लागतें त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार कोणाला नाहीं.

याहून गंभीर इशारा औषधाच्या वेष्टनावर काळ्या चौकटींत छापलेला असतो. गर्भवती स्त्रीनें हें औषध घेऊं नये. घेणाऱ्या स्त्रीनें तें चालू असतां आणि बंद केल्यावरहि पुष्कळ महिने गर्भ राहूं देऊं नये. पुरुषानेंहि त्या काळांत खबरदारी घ्यावी. औषध घेणाऱ्यानें रक्तदानहि करूं नये. ही चौकट लिहिणाऱ्यांना तिचा पुरावा फार दूर शोधण्याची गरज नव्हती. आयडाहोच्या डोंगरांत कॉर्न लिली अजूनहि ओल्या कुरणांतून दरवर्षीं पुरुषभर वाढते, आणि मेंढा कळपांत सोडल्यापासून एक महिना उलटेपर्यंत मेंढपाळ आपल्या मेंढ्या तिच्यापासून दूर हांकीत असतात.